मधला गोल

पणजोबांनी धान्याचे लाकडी तराजू घडवले, आजोबांनी सोनारांसाठी पितळेचे, आणि वडिलांनी औषधं तोलायचे, काचेच्या पेटीतले. इतके नाजूक, की समोर कुणी सुस्कारा टाकला तरी पारडं हलावं. चौथ्या पिढीत वजनं उचलायचा चिमटा आत्याच्या हाती आला. तेहतीस वर्षं ती त्याच बाकावर बसून वजनं जुळवीत होती, आणि झुळकीनं काटा ढळू नये म्हणून बाकाजवळची खिडकी तेहतीस वर्षं बंद होती.

त्या दुपारी भाची शाळेतून आली ती दप्तर न उतरवताच समोर उभी राहिली. हातात कलचाचणीचा कागद होता. पुढे काय शिकावं हे ठरवण्यासाठी शाळेनं भरून घेतलेला. त्यावर साठ कामं, आणि प्रत्येक कामापुढे पाच गोल. पहिला ‘मुळीच आवडणार नाही’चा, शेवटचा ‘फार आवडेल’चा. भाचीनं साठही ओळींत मधलाच गोल काळा केला होता.

“समुपदेशक बाई म्हणाल्या, असा निकाल जन्मात पाहिला नाही. वैद्यकी, शेती, चित्रकला, वकिली, सगळ्याला सारखेच गुण. उद्या नव्यानं भरून आण म्हणाल्या.”

“मग बिघडलं काय? काटा मधोमध आला की आपल्याकडे काम फत्ते म्हणतात.”

“मी तेच सांगितलं. त्या हसल्या नाहीत.”

आत्यानं चष्मा पुसला. अलीकडे तो वरचेवर पुसावा लागे. गेल्या पंधरवड्यात चिमट्यातून वजन दोनदा निसटलं होतं, आणि जेवताना भाऊ म्हणाला होता, “ताई, आता हिला बाकावर बसवायला घे.” भाची तेव्हा मान खाली घालून पाणी प्यायली होती.

“खरं का नाही भरलंस?”

“खरं भरलं आणि भलतंच काही निघालं तर? बाक काही मला चुकत नाही. मग उगाच कळून तरी काय करायचं?”

आत्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तोलायच्या आधी आपण काय करतो?”

“रिकाम्या पारड्यांवर काटा बघतो.”

“मग तू पारड्यात अख्खं दुकान घालून का बसलीस? काढ ते.”

“तू दाखव कसं काढायचं.” भाचीनं दप्तरातून दोन कोरे कागद काढले. “बाईंनी एक जास्तीचा दिलाय. चुकेन म्हणून.”

आत्यानं पेन्सिल घेतली. भाची मोठ्यानं वाचू लागली.

“आजाऱ्याची सेवा करणं.”

“तुझ्या बापाच्या पडशात मी सेवा केली आहे. मुळीच नाही.”

“लोकांपुढे भाषण करणं.”

“ते मी घरात करतेच. तिसरा गोल.”

दोघी हसल्या. असं करत सोळा झाली.

“सतरावं. अनोळखी प्रदेशात हिंडून जमिनीची मोजणी करणं आणि नकाशे काढणं.”

पेन्सिल थांबली. आत्यानं तो प्रश्न स्वतः एकदा वाचला, ओठ न हलवता. मग शेवटचा गोल ती भरू लागली. इतक्या सावकाश, आणि इतका दाबून, की कागद पलीकडून फुगला.

तेवढ्यात भाऊ आत आला. पुढच्या दालनात तो विजेवरचे काटे विकत असे. चहाचा पेला त्यानं बाकाच्या कडेला ठेवला आणि त्याची नजर कागदावर गेली. अक्षर नव्हतं, नाव नव्हतं; तरी तो गोल कुणी भरला हे त्याला विचारावं लागलं नाही.

“अजून, ताई?”

“विचारलं म्हणून भरलं.”

तेहतीस वर्षांपूर्वी आत्याला मोजणी विद्यालयात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं, त्याच महिन्यात वडिलांचा हात थरथरू लागला होता. “दोन वर्षं तू बस,” सतरा वर्षांचा भाऊ म्हणाला होता, “माझं शिक्षण होऊ दे, मग मी बसतो.” ती बसली. त्यानंतर त्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

“ऊठ,” भाऊ म्हणाला.

“अरे, पेटीत काम अर्धं आहे. पाच मिलिग्रॅमचं वजन आहे ते.”

“चिमटा दे.”

“तुझा हात जड आहे. बटणं दाबून दाबून तसा झालाय.”

“होईल हलका. दोन वर्षं मागितली होती ना तुझ्याकडे?”

“तेहतीस झाली.”

“मग तेहतीस बसतो. त्र्याऐंशीचा होईन. हात चळला तर येऊन रागाव.”

आत्यानं भाचीकडे पाहिलं. “आणि ही?”

“हिला बाकावर बसवायचं मी बोललो, ते सोड.” मुलीकडे न पाहता तो म्हणाला, “तू तुझा कागद भर गं. तोल सांभाळू नकोस.”

भाचीनं दुसरा कोरा कागद पुढ्यात ओढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

आत्या उठली. गुडघे कुरकुरले. उठल्यावर कुठे जायचं हे तिला चटकन सुचेना, म्हणून तिनं आधी खिडकीची कडी काढली. कडी गंजली होती. दोन धक्क्यांनी निघाली. मग ती पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. टोकाला चढण होती, आणि चढणीमागे टेकडी. तिनं एक डोळा मिटला, अंगठा हातभर पुढे धरला आणि टेकडीच्या माथ्याशी लावला.

“ताई, वारा येतोय,” आतून भावाचा आवाज आला. “काटा ठरत नाही.”

“मग लाव ना खिडकी,” हात तसाच धरून ती म्हणाली.

भावानं खिडकी ओढली, आतून कडी घातली. आत्या बाहेर होती.