परवान्याची हद्द

धाकट्या भावाला घेऊन हिंदुराव कागलहून कर्नाटकात शिरला, तेव्हा पिस्तूल शर्टाखालीच होतं. परवाना महाराष्ट्रापुरता होता, पण खाणीच्या वादात चुलत्यानं दोनदा मारेकरी धाडले होते.

निपाणीच्या अलीकडे चुलत्याच्या माणसांनी गाडी अडवली. धाकट्याला बाहेर ओढून गजानं झोडपायला घेतलं.

“दादा, मार की गोळी!” तो ओरडला.

हिंदुरावचा हात कमरेला गेला आणि थबकला. इथं गोळी झाडली तर आपणच आत जाऊ, हा विचार आला तेवढ्यात गज धाकट्याच्या डोक्यात बसला. मग हिंदुरावनं झाडलेल्या गोळीनं गजवाला आडवा झाला, बाकीचे पळाले. धाकटा मात्र उठला नाही.

फौजदारानं परवाना पाहिला. “हा इथं चालत नाही, ठाऊक नव्हतं?”

“ठाऊक होतं, साहेब,” हिंदुराव म्हणाला. “म्हणून तर उशीर झाला.”