कौलांवरचा दात

लेक रांगायला लागली तेव्हा सुदामनं दारात बोअर मारून घेतला आणि गावभर पेढे वाटले. तिच्या डोक्यावर कधी हंडा येऊ नये, एवढाच हट्ट. पाणी चवीला वेगळं लागायचं. सुदाम म्हणायचा, "ताकदीचं आहे."

आचलचे दुधाचे दात बापलेकीनं एकेक करून कौलांवर फेकले आणि उंदीरमामाकडे नवे मागितले. नवे आले ते तपकिरी, खड्डे पडलेले.

"पाणी कुठलं पिते?" तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

"घरच्या बोअरचं," सुदाम ऐटीत म्हणाला.

"ते आधी बंद करा. त्यातल्या फ्लोराइडनं झालंय. दात आता असेच राहतील."

घरी आल्यावर आचल तोंडावर हात धरून म्हणाली, "बाबा, उंदीरमामानं फसवलं आपल्याला. माझे जुने परत मागा ना."

सुदाम शिडी लावून चढला. उंदराशी भांडायला निघालेला बाप बघून शेजारी हसले. कौलांच्या फटीत एक दात खरंच सापडला, तांदळाएवढा, पांढराशुभ्र.

"देतो म्हणाला का?" खालून आचलनं विचारलं.

सुदामनं मूठ घट्ट मिटली.

"नाही गं पोरी," तो म्हणाला, "त्याची काही चूकच नाही."