झालं का गं?

"जुना आवाज उडवू ना, वहिनी?" पेनड्राइव्ह संगणकाला लावत रेकॉर्डिंगवाल्या सलीमभाईंनी विचारलं.

शेवंताचा नवरा जाऊन दोन महिने झाले, तरी हातगाडीवरचा भोंगा त्याच्याच आवाजात ओरडायचा, "लसूण घ्या, गावरान लसूण!" आणि शेवटी, मशीन चालू आहे हे विसरून त्याने तिला विचारलेलं, "झालं का गं?" त्यावर आळी हसायची. तेवढं काढून आणा म्हणून ती त्याच्या किती मागे लागायची! आता बायाच म्हणत होत्या, तो आवाज ऐकून काळजात धस्स होतं.

तिने आपल्या आवाजात आरोळी भरली. "बाकीचं उडवा, भाई. शेवटचं तेवढं राहू द्या."

सकाळी आळीत तिची आरोळी घुमली आणि पाठोपाठ, "झालं का गं?"

कोणी हसलं नाही.

"नाही हो," शेवंता पुटपुटली, "अजून अर्धं पोतं आहे."