अकरावा खडा

मैदानावर फक्कीने दोन वर्तुळं आखून घोलप सर थांबले. तिसरं आखायचं कारणच उरलं नव्हतं. आठवीत पोरं अकरा, म्हणून दर वेळी त्यांचा सोडियमचा अणू व्हायचा. आत दोघं, मग आठ जणं, आणि सगळ्यात बाहेर एकटीच हुंदडणारी कावेरी. पंधरा दिवसांपूर्वी ती साप चावून गेली. तेव्हापासून सर जेवत होते, हजेरी घेत होते, शिकवतही होते. आत मात्र काही हलत नव्हतं.

नेहमीसारखा प्रत्येकाने मध्ये खडा ठेवला. खडा म्हणजे केंद्रकातला प्रोटॉन; अणू कोणता, ते प्रोटॉनच ठरवतात. मग दहाही पोरं इलेक्ट्रॉन होऊन मुकाट वर्तुळांवर उभी राहिली.

"आज आपण कोणता अणू?" सरांनी विचारलं.

"निऑन," कुणीतरी पुटपुटलं.

"बरोबर. बाहेरचं कवच भरलेलं. तो कशाशीच अभिक्रिया करत नाही." बोलता बोलता सरांना निऑनचा हेवा वाटला.

"नाही सर," सुगंधा म्हणाली. "मध्ये अकरा खडे आहेत."

"दोन कुणी ठेवले?"

"मी. एक कावेरीचा." तिने मान वर केली नाही. "इलेक्ट्रॉन निघून गेला तरी सोडियम हा सोडियमच राहतो. तुम्हीच सांगितलं होतं ना, सर?"

फक्कीची बादली उचलून सरांनी तिसरं वर्तुळ आखायला घेतलं. अर्धं होईतो डोळे भरून आले, आणि पुढची रेघ वाकडी गेली.