रंगीतच पाहिजे

वणीच्या दुकानात वामनरावांना काळ्या छपाईचा साधा प्रिंटर पुरेसा वाटत होता.

"सातबारा काय रंगीत असते?" त्यांनी बायकोला विचारलं.

पण विमलताई अडून बसल्या. घ्यायचा तर रंगीत, आणि दुसऱ्या गावाहून मोबाइलवर चालणाराच. घरी आल्यावर शाई भरून तो वायफायला जोडायचं कामही त्यांनीच केलं, फोनवर कुणाला तरी हळू आवाजात विचारत विचारत.

लेक सुरभीने स्वतःच्या मर्जीने लग्न केल्यापासून वामनराव घरात तिचं नावही काढू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ते चहा पीत बसले असताना, कुणी हात न लावता प्रिंटर घरघरू लागला. आधी एक लाल टोपडं बाहेर आलं, मग दोन टपोरे डोळे, मग बोळकं हसू. खाली छापलं होतं, 'आबा, मी तुमचा नातू.'

वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कागद दोन्ही हातांनी उजेडात धरला.

"मशीन बिघडली वाटते," विमलताई साळसूदपणे म्हणाल्या. "बंद करू काय?"


"राहू दे. अजून एक कागद टाक त्याच्यात."