नाक मोकळं झालं

सर्दीने बेजार झालेली आमची रांगती लेक पहिल्यांदाच बोलली, "बाबा." नवऱ्याला आकाश ठेंगणं झालं, तो लगेच साऱ्या नातेवाइकांना फोन लावत सुटला. औषधांच्या दुकानात काम करणारा माझा भाऊ मात्र हसला. "भाऊजी, उगाच हुरळू नका. नाक चोंदलं की 'म'चा 'ब' होतो. ती 'मामा' म्हणतेय." "जळतोस तू," नवरा म्हणाला. "मग होऊन जाऊ दे," म्हणत भावाने मिठाच्या पाण्याचा ड्रॉपर माझ्या हाती दिला. मी तिच्या नाकात थेंब सोडले. ती दणक्यात शिंकली, आम्ही तिघंही न्हालो. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा." भाऊ उड्या मारायला लागला. नवऱ्याचा चेहरा पडणार, इतक्यात लेकीने त्याच्याकडेच दोन्ही हात पसरले. "मामा, मामा." तिला छातीशी घेत तो मेव्हण्याला म्हणाला, "मामा तर मामा. आली कुणाकडे, बघ."