शनिवारचा बाजार

मँचेस्टरच्या सुपरमार्केटमध्ये सौमित्रने बदाम, तीन तऱ्हेचं चीज आणि केशराची डबी ट्रॉलीत अगदी वर मांडून साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. दर शनिवारी तो तिला आपला बाजार दाखवायचा आणि कॉल संपला की सगळं जिथल्या तिथे ठेवून यायचा. अर्धवेळ नोकरीत त्याला परवडायचे फक्त बटाटे आणि पाव.

“एवढं खाऊन वाळलास कसा रे?” आईने विचारलं.

“जिमला जातो,” सौमित्र म्हणाला.

“बरं, आता एकट्याने खाऊ नकोस. पिंट्याने काल झेडपीतली नोकरी सोडली. सप्टेंबरात येतोय तुझ्याकडे. हे नको नको म्हणत होते, मी म्हटलं, थोरल्याची ट्रॉली बघा एकदा!”

“आई, पिंट्याला जरा थांबायला सांग. इथे तसं काही...”

“बघितलंत?” आई बाबांकडे वळली. “आला की नाही भाऊच आडवा? जरा बरे दिवस आले, की घरचे नकोसे होतात.”

बाबांनी फोन हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवून ते हळू आवाजात म्हणाले, “राजीनामा अजून साहेबांच्या टेबलावरच आहे. सोमवारी मागे घेता येईल. तू खरं सांग, निभेल ना रे त्याचं तिथे?”

आईने मागून डोकं घातलंच होतं. “न निभायला काय झालं, बाबा,” म्हणत सौमित्रने हात लांब केला, फळीवरची मधाची सगळ्यात मोठी बरणी उचलली आणि पिंट्याच्या नावाने ट्रॉलीत ठेवली.